ईयोबाचा फुकट विश्वास

नमस्कार, श्रोतेहो.

धर्माविषयीचा बायबलमधला सर्वांत बोचरा प्रश्न कोणा संदेष्ट्याने किंवा प्रेषिताने विचारलेला नाही. तो सैतानाने विचारला आहे. जुन्या करारातील ईयोबाच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात परमेश्वर ईयोबाच्या सरळपणाची प्रशंसा करतो आणि त्यावर सैतान विचारतो, की ईयोब देवाचे भय काय फुकट बाळगतो? सात हजार मेंढरे, तीन हजार उंट, बैलांच्या पाचशे जोड्या, सात मुलगे आणि तीन मुली असा ज्याचा संसार आहे, आणि ज्याच्या घरादाराभोवती देवाने स्वतः कुंपण घातले आहे, त्याने देवाला भजावे यात नवल ते काय? कुंपण काढून घे, म्हणजे भक्तीही जाईल, असा त्याचा रोकडा हिशेब आहे. विचारणाऱ्याचा हेतू कसाही असो, प्रश्न मला खरा वाटतो. दुसऱ्या कोणी विचारण्याची वाट न पाहता श्रद्धावंताने तो स्वतःलाच विचारावा, आणि आजच्या भाषणात आपण तेच करणार आहोत: ख्रिस्ती माणूस विश्वास ठेवतो तो नेमका कशासाठी?

ईयोबाचे पुढे काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. गुरेढोरे जातात, मुलेबाळे जातात, अंगभर गळवे येतात, आणि समाचाराला आलेले तीन मित्र त्याला हिशेब शिकवू लागतात: ज्या अर्थी तू दुःख भोगतो आहेस, त्या अर्थी तू पाप केलेले असणार. बारकाईने पाहिले तर या मित्रांचा आणि सैतानाचा सिद्धांत एकच आहे, तो म्हणजे देवाशी माणसाचे नाते हा देण्याघेण्याचा व्यवहार आहे. ईयोब मात्र या व्यवहारात बसत नाही. तो देवाशी भांडतो, आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाने समोर येऊन उत्तर द्यावे अशी मागणी करतो, पण देवाकडे पाठ फिरवत नाही. पुस्तकाच्या शेवटी त्याला सर्व काही दुपटीने परत मिळते, आणि पुष्कळ प्रवचनेही तेथेच येऊन समाधानाने थांबतात. त्यांनी थोडे मागे वळून पाहावे असे मला वाटते. तुझ्याविषयी मी केवळ कानांनी ऐकले होते, आता प्रत्यक्ष डोळ्यांनी तुला पाहत आहे, या अर्थाचे ईयोबाचे उद्गार बेचाळिसाव्या अध्यायात येतात ते मालमत्ता परत मिळण्याच्या आधी. तो अजून राखेतच बसलेला आहे, हाती काहीही आलेले नाही, आणि तरी त्याची तक्रार संपली आहे.

श्रद्धेच्या मागे ज्या प्रेरणा असतात, त्यांपैकी भीती ही बहुधा सर्वांत जुनी असावी. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने पाचव्या शतकाच्या आरंभी एका पत्रात फार नेमके लिहून ठेवले आहे, की जो केवळ नरकाला भितो, तो पाप करायला भीत नसतो, जळायला भीत असतो. आग विझली तर हा मनुष्य उद्याच पापाकडे वळेल, कारण त्याचे मन तेथेच अडकलेले आहे. असे असूनही ख्रिस्ती परंपरेने भीतीला सरसकट हाकलून दिले नाही, हे सांगितले पाहिजे. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५५१ मध्ये असे ठरवले, की नरकाच्या भयातून किंवा पापाच्या किळसेतून उपजणारा अपूर्ण पश्चात्ताप हीदेखील देवाचीच देणगी आहे आणि तो माणसाला कृपेसाठी तयार करतो. मला हे शहाणपणाचे वाटते. जो घाबरून दाराशी आला आहे, त्याला त्याच्या हेतूची शुद्धता तपासण्यासाठी बाहेर उभे करणे हे ख्रिस्ताच्या रीतीला धरून नाही. पण आयुष्यभर उंबरठ्यावर थरथरत बसणे म्हणजे घरात राहणे नव्हे, आणि म्हणूनच योहानाच्या पहिल्या पत्रात पूर्ण प्रीती भीती घालवून देते असे म्हटले आहे.

लोभाविषयी फार बोलण्याची आवश्यकता नाही, कारण ख्रिस्ताने त्याविषयी फार थोडक्यात बोलून घेतले आहे. भाकरी खाऊन तृप्त झालेला जमाव दुसऱ्या दिवशी सरोवर ओलांडून त्याला शोधत आला, तेव्हा तो त्यांना स्पष्टच म्हणाला, की तुम्ही चिन्हे पाहिली म्हणून नव्हे, तर पोटभर भाकरी मिळाल्या म्हणून मला शोधत आहात. विश्वास ठेवा म्हणजे आजार जाईल, धंद्यात बरकत येईल, असे सांगणाऱ्या उपदेशकांनी योहानाच्या शुभवर्तमानाचा हा सहावा अध्याय शेवटपर्यंत वाचावा; त्या अध्यायाच्या अखेरीस पुष्कळ शिष्य त्याला सोडून निघून जातात, आणि तो त्यांना थांबवण्यासाठी पुन्हा भाकरी देत नाही.

भीती आणि लोभ या ढोबळ गोष्टी आहेत आणि त्या लवकर ओळखू येतात. तिसरी प्रेरणा मात्र सोज्ज्वळ वेषात वावरते. ती म्हणजे मजुरी. लूकच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दृष्टांत आपण नेहमी धाकट्या मुलासाठी वाचतो, पण ख्रिस्ताचा रोख मोठ्या मुलावर आहे, कारण ऐकणाऱ्यांमध्ये कुरकुर करणारे परूशी आणि शास्त्री, म्हणजे नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणारे आणि शिकवणारे यहूदी, होते. मोठा मुलगा बापाला म्हणतो, की इतकी वर्षे मी तुमची सेवा करत आहे आणि मला कधी एक करडूही मिळाले नाही. मूळ ग्रीकमध्ये त्याने वापरलेले क्रियापद दासाच्या राबण्याचे आहे. तो घरात राहिला, शेतात खपला, एकही आज्ञा मोडली नाही, आणि तरीही सारा काळ मनातल्या मनात मजुरी मोजत राहिला. गंमत अशी, की धाकट्याच्या मनातही तेच होते. डुकरे चारताना त्याने जे वाक्य पाठ करून ठेवले होते, त्यात मला तुमच्या एका चाकरासारखे ठेवा अशी विनंती होती, परंतु प्रत्यक्ष भेटीत तो त्या विनंतीपर्यंत पोचतच नाही. बाप त्याचे बोलणे मध्येच तोडून झगा आणि अंगठी आणायला सांगतो. चाकरीचा करार बापाला नकोच आहे. पुढे मोठ्यालाही तो, बाळा, तू तर नेहमीच माझ्याबरोबर आहेस, असे म्हणतो, आणि मोठ्या मुलाला या वाक्याची किंमत करडाएवढीही वाटत नाही, हे या दृष्टांतातले खरे दुःख आहे.

फ्रान्सचा राजा नववा लुई याच्या चरित्रात त्याचा सहकारी ज्वाँव्हील याने तेराव्या शतकातील धर्मयुद्धाच्या काळातली एक आठवण नोंदवली आहे. ईव्ह नावाच्या एका धर्मबंधूला रस्त्यात एक वृद्ध स्त्री दिसली. तिच्या एका हातात निखाऱ्यांचे भांडे होते आणि दुसऱ्या हातात पाण्याचे. विचारल्यावर ती म्हणाली, की या आगीने मला स्वर्ग जाळून टाकायचा आहे आणि या पाण्याने नरक विझवायचा आहे, म्हणजे मग स्वर्गाच्या आशेने किंवा नरकाच्या धाकाने कोणी सत्कर्म करणार नाही, केवळ देवावरील प्रेमासाठी करील. हीच कथा बसऱ्याच्या राबिया या सूफी संत स्त्रीविषयीही सांगितली जाते, तेव्हा ती ख्रिस्ती लेखकाकडे पूर्वेकडूनच आली असावी, आणि त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

पण स्वर्ग खरोखर जाळावा का? या प्रश्नावर सतराव्या शतकाच्या अखेरीस दोन विद्वान धर्मगुरूंमध्ये मोठा वाद झाला. कांब्रेचा आर्चबिशप फेनलाँ याने १६९७ मध्ये असे मांडले, की देवावरील शुद्ध प्रेमात स्वतःच्या सुखाचा, अगदी स्वतःच्या तारणाचाही विचार उरत नाही. मोचा बिशप बोस्युए याने त्याला कडाडून विरोध केला, कारण विश्वास, आशा आणि प्रीती असे पौलाने सांगितले आहे, आणि आशेला निरोप देणारी प्रीती ख्रिस्ती राहत नाही. १६९९ मध्ये पोप बारावे इनोसंट यांनी फेनलाँच्या पुस्तकातील तेवीस विधाने त्याज्य ठरवली आणि फेनलाँने तो निर्णय मान्य केला. मला या वादात दोघांविषयीही आदर वाटतो, आणि माझा कल कोणाकडे आहे हे मी लपवणार नाही: सूर फेनलाँचा खरा आहे, पण व्याकरण बोस्युएचे बरोबर आहे. ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्या सहवासाची ओढ असणे याला स्वार्थ म्हणत नाहीत. आईला भेटायला निघालेल्या मुलाला, तुला भेटीचा आनंद होणार आहे, तेव्हा तुझे प्रेम शुद्ध नाही, असे कोणी म्हणेल काय? क्लेअरव्होचा बर्नार्ड याने बाराव्या शतकातच ही गाठ सोडवली होती. खऱ्या प्रेमाला मोबदला असतो, पण ज्याच्यावर प्रेम आहे तोच तो मोबदला, असे तो म्हणतो. प्रेमाच्या चार पायऱ्या सांगून झाल्यावर चौथ्या पायरीवर, जेथे माणूस स्वतःवरही केवळ देवासाठी प्रेम करतो, या जन्मात कोणी पुरता पोचतो की नाही याविषयी त्याने शंकाच व्यक्त केली आहे. एवढ्या मोठ्या संताने हे मोकळेपणाने लिहावे, याचा आपल्यासारख्यांना आधार वाटतो.

तेव्हा निःस्वार्थ प्रेम हे माणसाने दात-ओठ खाऊन स्वतःमधून पिळून काढायचे काही आहे, असे समजू नये. तसे केले की स्वतःच्या निःस्वार्थपणाचाच अभिमान होतो. प्रथम त्याने आपल्यावर प्रीती केली म्हणून आपण प्रीती करतो, असे योहान लिहितो. म्हणजे ख्रिस्ती प्रेम हे मुळात उत्तर आहे. वधस्तंभावर जे घडले ते आपली पात्रता पाहून घडले नाही, आपण पापी असतानाच घडले, असे पौल रोमकरांस सांगतो. जे फुकट मिळाले आहे त्याची परतफेड होऊ शकत नाही, आणि परतफेड अशक्य आहे हे एकदा मनोमन पटले की मोजणे आपोआप सुटू लागते.

ते सुटले आहे की नाही, हे शेजाऱ्याच्या बाबतीत कळते. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात राजा उजवीकडच्या लोकांना म्हणतो, की मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खायला दिले, आणि ते लोक चकित होऊन विचारतात, प्रभो, केव्हा? त्यांनी कुठे नोंद ठेवलेलीच नव्हती. याउलट गरिबाला स्वर्गाची शिडी समजून मदत करणे, किंवा मदतीच्या मोबदल्यात त्याने आपल्या मंडळीत यावे अशी अट मनात ठेवणे, ही पुन्हा मजुरीच झाली. पौलाच्या शब्दांत सांगायचे तर सर्व धन वाटून टाकले आणि प्रीती नसली तर लाभ काहीच नाही. याविषयीची एक उत्तम साक्ष, ईयोबाच्या वेळेसारखीच, विरोधकाची आहे. ३६१ ते ३६३ या काळात राज्य करणारा रोमन सम्राट ज्युलियन जुन्या देवांची उपासना पुन्हा सुरू करू पाहत होता, आणि आपल्या एका पुरोहिताला लिहिताना त्याने चडफडून म्हटले, की हे गालीली लोक, म्हणजे ख्रिस्ती, स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच, आमच्याही गरिबांना पोसतात. त्याला लाज वाटत होती ती नेमकी या 'आमच्याही' शब्दाची.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात पुनरुत्थित ख्रिस्त सरोवराच्या काठी कोळशाचा विस्तव पेटवून शिष्यांना न्याहारी देतो. कोळशाच्या विस्तवासाठीचा तो ग्रीक शब्द नव्या करारात आणखी एकाच ठिकाणी येतो: महायाजकाच्या वाड्यात, जेथे शेकत उभे राहून पेत्राने त्याला तीनदा नाकारले होते. आता तीनदा प्रश्न येतो. पुन्हा असे करशील का, असे ख्रिस्त विचारत नाही. तुझा विश्वास किती, असेही विचारत नाही. माझ्यावर प्रीती करतोस काय, एवढेच तो विचारतो, आणि प्रत्येक उत्तरानंतर सिंहासन किंवा मुकुट यांचे नाव न काढता मेंढरे पेत्राच्या हवाली करतो. नंतर तो सांगतो, की म्हातारपणी तू हात लांब करशील आणि दुसरा तुला नको तेथे नेईल. एवढे ऐकूनही पेत्र मागे वळून दुसऱ्या शिष्याकडे पाहतो आणि विचारतो, प्रभो, याचे काय? मोठ्या भावाची सवय इतक्या सहजी जात नाही. त्यावर ख्रिस्त म्हणतो, त्याचे तुला काय? तू माझ्यामागे ये.