उणे वीस अंशांत कोरडं कसं राहायचं

श्रोतेहो, नमस्कार.

नॉर्वेच्या दक्षिण भागात हार्डांगरविड्डा नावाचं एक विस्तीर्ण पठार आहे. उंची साधारण 1100 ते 1200 मीटर, बहुतेक भागात नावालाही झाड नाही, आणि पसारा एवढा की त्यातलं फक्त राष्ट्रीय उद्यानच 3422 चौरस किलोमीटर भरतं. पठाराच्या उत्तर टोकाला फिन्से हे 1222 मीटर उंचीवरचं रेल्वे स्टेशन. तिथे गाडीरस्ता पोचतच नाही. ओस्लोहून बर्गनच्या गाडीत बसायचं आणि साडेचार-एक तासांनी उतरायचं. दक्षिणेला हाउकेलीसेटर हे डोंगरातलं मुक्कामाचं ठिकाण. या दोन टोकांमध्ये शंभराच्या वर किलोमीटर अंतर आहे, आणि हिवाळ्यात ते पायात स्की घालून, मागे सामानाची घसरगाडी ओढत, रात्री बर्फावर तंबू ठोकत सहा ते आठ दिवसांत पार करता येतं. बरोबर जाणकार वाटाड्या असतो. आज या प्रवासाबद्दल बोलू.

सह्याद्रीत वर्षानुवर्षं भटकणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो थंडीचा. उणे वीस कसं सोसायचं? खरं सांगायचं तर कोरड्या कपड्यांतला माणूस उणे वीसमध्ये रात्र सुखानं काढतो, आणि घामानं भिजलेला माणूस उणे पाचमध्ये दातावर दात आपटत बसतो. आपल्याकडे खिंड चढताना शर्ट भिजला तर वर पोचल्यावर वाऱ्यानं वाळतो. तिथे तो वाळत नाही, अंगावरच गोठतो. म्हणून या प्रवासातली जवळजवळ प्रत्येक सवय ओल टाळण्यासाठी लावलेली असते. 1896 साली रोआल्ड अमुंडसेन भावाबरोबर हेच पठार ओलांडायला निघाला होता. एका रात्री तो बर्फ उकरून आत झोपला. हवा जरा उबदार होती, बर्फ ओलसर होता. रात्रीत थंडी वाढली आणि तो बर्फ त्याच्याभोवती घट्ट गोठला. भावानं खणून काढला म्हणून वाचला. पुढे 1911 मध्ये दक्षिण ध्रुवावर पहिल्यांदा पोचला तो हाच.

सकाळी निघताना अंगात थोडी थंडी वाजत असली पाहिजे. ऊबदार वाटेल इतके कपडे घालून निघालात, तर दहा मिनिटांत पाठ भिजते. चांगला वाटाड्या पहिल्या पंधरा मिनिटांतच सगळ्यांना थांबवतो आणि एकेक थर उतरवायला लावतो. अंगालगत लोकरीचा पातळ थर. नॉर्वेत अनेक जण जाळीची बनियनही घालतात, कारण तिच्या भोकांत हवा राहते आणि ओल बाहेर जाते. त्यावर पातळ गरम कपडा, वर वारा अडवणारं जॅकेट. सुती काहीही नको, अंतर्वस्त्रंसुद्धा. पिसांचं जाड जॅकेट चालताना घालायचंच नाही. ते घसरगाडीच्या तोंडाशी, एका हिसक्यात निघेल असं ठेवायचं, आणि थांबल्याक्षणी, पाण्याची बाटली उघडायच्याही आधी, चढवायचं. पन्नास मिनिटं चाल, दहा मिनिटं थांबा, पुन्हा चाल. दिवसाला 12 ते 18 किलोमीटर पुरे झाले.

वाऱ्याचा हिशेब वेगळा. हवा उणे 15 आणि वारा सेकंदाला 10 मीटर असेल, तर उघड्या कातडीला ते उणे 27 सारखं लागतं. म्हणून जोडीदारानं जोडीदाराचं तोंड पाहत राहायचं. गालावर किंवा नाकाच्या शेंड्यावर मेणासारखा पांढरा ठिपका दिसला की उघडा, गरम तळवा त्यावर दाबून धरायचा. चोळायचं नाही, आणि बर्फानं तर मुळीच नाही. त्यानं कातडी सोलवटते. हातमोजे दोरीनं मनगटाला किंवा गळ्याला बांधलेले हवेत. जोराच्या वाऱ्यात सुटलेला मोजा परत मिळत नाही, म्हणून सामानात जादा जोडी पाहिजेच.

आता ती घसरगाडी. तिला तिथे पुल्क म्हणतात. फायबरची किंवा प्लॅस्टिकची, होडीच्या आकाराची, वर झिपचं आच्छादन. आठवड्याचं सामान भरलं की वजन 35 ते 50 किलो होतं. ती कमरेच्या पट्ट्याला दोन ताठ दांड्यांनी जोडतात. दोरीनं ओढली तर उतारावर ती मागून येऊन पोटऱ्यांवर आदळते. जड सामान मधोमध आणि तळाशी, नाहीतर आडव्या उतारावर ती कलंडते आणि तुम्हालाही खेचते. अशा जागी मागे दुसऱ्या माणसानं दोर धरून चालायचं. स्की लोखंडी कडांच्या, आणि चढावर तळाला स्किन, म्हणजे मागे न सरकू देणारी केसाळ पट्टी, लावतात. तिचा गोंद थंडीत आणि बर्फाच्या चुऱ्यानं निकामी होतो. काढलेली स्किन सामानात कोंबू नका, जॅकेटच्या आत छातीशी ठेवा.

पठारावर ठरावीक वाटांना बर्चच्या फांद्या खोचून खुणा केलेल्या असतात, पण त्या फेब्रुवारी अखेरपासून ईस्टरपर्यंतच्या हंगामासाठी, आणि सगळ्या वाटांवर नाहीत. ढग खाली उतरले की जमीन आणि आकाश एकच होतं. समोरचा दोन मीटरचा खड्डासुद्धा दिसत नाही. मग होकायंत्राचा कोन धरून चालायचं. पुढच्या माणसानं बर्फाचा गोळा फेकून पाहायचं: तो कुठे थांबला, की दिसेनासा झाला? गोठलेली तळी सरळ वाट देतात म्हणून मोह होतो, पण नदी तळ्यात शिरते आणि बाहेर पडते त्या तोंडांपाशी बर्फ पातळ असतो. ज्या तळ्यांचं पाणी वीजनिर्मितीसाठी सोडतात, जसं मोसवात्न, तिथे पाणी खाली गेल्यानं काठाचा बर्फ अधांतरी राहून फुटतो. नकाशावर त्यांची नोंद असते, ती आधीच पाहून ठेवायची. तीस अंशांच्या वरचे उतार हिमस्खलनाचे, आणि त्यांच्या पायथ्याची सपाटीसुद्धा. दुपारच्या थांब्याला लोक नेमके तिथेच बसतात, कारण वारा कमी लागतो.

तंबू उभारणं हा दिवसातला सगळ्यात नाजूक अर्धा तास. अंग थांबलेलं, घाम निवत चाललेला, हात बधिर. म्हणून कामं वाटलेली असतात. बोगद्याच्या आकाराचा तंबू वाऱ्याच्या दिशेनं लांबट ठेवायचा. आधी वाऱ्याकडचं टोक पक्कं करायचं आणि ते होईपर्यंत एकानं कापड हातातून सोडायचं नाही. काठ्या घरूनच अर्ध्या जोडून, चिकटपट्टी लावून, लांब पिशवीत आणल्या तर वाऱ्यात दोन-तीनच सांधे जुळवावे लागतात. साध्या खुंट्या बर्फात टिकत नाहीत. रुंद खुंट्या आडव्या पुरून वर बर्फ तुडवायचा, किंवा स्कीच रोवायच्या; फक्त त्यांची लोखंडी कड दोरीला लागू देऊ नका, रात्रीतून दोरी कापली जाते. वाऱ्याच्या बाजूनं बर्फाची भिंत रचायची ती तंबूपासून दोन-तीन मीटर लांब. अगदी लगत रचली तर भिंतीमागे साचणारा बर्फ थेट तंबूवर येतो.

मग पडवीत, म्हणजे तंबूच्या पुढच्या झाकलेल्या भागात, फावड्यानं अर्धा मीटर खोल खड्डा काढायचा. थंड हवा त्यात उतरते, पाय सोडून खुर्चीसारखं बसता येतं, आणि बाजूला ठेवलेल्या बर्फाच्या कट्ट्यावर स्टोव्ह राहतो.

स्टोव्हबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण तो बंद पडला तर पाणी नाही. गॅसचे डबे अशा थंडीत दगा देतात. त्यांतलं ब्युटेन उणे अर्ध्या अंशाखाली वायू होतच नाही. म्हणून पंपाचा, शुद्ध पेट्रोलसारख्या इंधनावरचा स्टोव्ह. ज्यांच्या घरी पितळी स्टोव्ह होता त्यांना हे शिकवायला नको: आधी काकडा पेटवून बर्नर तापवायचा, मग पंप मारायचा, छिद्र तुंबलं तर पिन मारायची. तापायच्या आधीच किल्ली सोडली तर पिवळ्या ज्वाळेचा भडका उडतो, तंबूत ते परवडणारं नाही. प्राइमस हे अशा स्टोव्हचं स्वीडिश नाव 1892 पासूनचं, आणि तत्त्व आजही तेच आहे. स्टोव्ह प्लायवूडच्या फळीवर पक्का करायचा, नाहीतर खालचा बर्फ वितळून तो तिरका होतो. पंपाचे रबरी वॉशर जादा न्यायचे. बाटलीत इंधन भरायचं ते तंबूबाहेर आणि हातमोजे घालून. उणे वीसचं इंधन द्रवच राहतं, आणि हातावर सांडलं तर क्षणात हिमदंश करतं.

ताजा भुसभुशीत बर्फ म्हणजे बहुतेक हवाच. दहा लिटर बर्फातून जेमतेम लिटरभर पाणी निघतं. भांड्यात कोरडा बर्फ भरून खाली जाळ लावला तर तळ करपतो आणि पाण्याला जळका वास येतो. तळाशी आधी कपभर पाणी हवं, म्हणून ते आदल्या दिवशीचं राखून ठेवतात. एक किलो बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी शून्यापासून ऐंशी अंशांपर्यंत तापलं असतं. त्यामुळे माणशी दिवसाला 200 ते 250 मिलिलिटर इंधन धरायचं आणि दोन दिवसांचं वर. पाणी तीन-चार लिटर माणशी. बाटली रुंद तोंडाची, आणि उलटी ठेवायची. बर्फ वरून धरत जातो, म्हणजे बूच मोकळं राहतं.

जेवण माणशी सुमारे किलोभर कोरडं, चार-पाच हजार कॅलरींचं. चीज आणि लोणी घरीच तुकडे करून न्या, तिथे सुरी चालत नाही. ओस्लो-स्टॉकहोमला राहणारी आपली मंडळी डाळ-तांदळाची खिचडी शिजवू पाहतात. ती अर्धा तास घेते, इंधन खाते आणि तंबूभर वाफ करते. त्यापेक्षा भाजलेले पोहे किंवा तयार उपम्याचं मिश्रण गरम पाण्यात पाच मिनिटांत होतं, वर चमचाभर तूप. चिक्की उत्तम, मात्र दात सांभाळून.

वाफेवरून आठवलं. स्टोव्ह चालू असताना वरची आणि खालची अशी दोन्ही झरोकं उघडी हवीत. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. डोकं दुखू लागलं, मळमळलं की स्टोव्ह बंद करून बाहेर पडायचं. ताज्या बर्फानं खालचा झरोका बुजतो, तो रात्रीतून एकदा तरी मोकळा करायचा.

आत येण्यापूर्वी ब्रश वापरायचा. साधा हातभर लांबीचा, ताठ केसांचा ब्रश दाराशीच टांगलेला असतो. बूट, गुडघे, पाठ, टोपीच्या कडा, सगळीकडचा बर्फ झाडूनच आत. सकाळी याच ब्रशनं तंबूच्या आतल्या अंगाला श्वासाचं जमलेलं दव-बर्फ खाली पाडायचं आणि बाहेर लोटायचं. कंटाळा केला तर स्टोव्ह पेटताच ते वितळून स्लीपिंग बॅगवर टपकतं. भारी बॅग घेऊन ब्रश घरी विसरणारे लोक बरेच.

बॅग खाली फोमची एक आणि हवेची एक अशा दोन कॅरीमॅटवर. रात्रभर शरीर वाफ सोडतं, ती पिसांत जाऊन गोठते आणि बॅग रोज थोडी जड आणि थोडी थंड होत जाते. लांबच्या प्रवासात आत बाष्प अडवणारं अस्तर घालतात. चिकट वाटतं, पण पाचव्या रात्री उपयोग कळतो. नाक-तोंड बॅगेच्या आत घ्यायचं नाही, कितीही वाटलं तरी. पायांनाही तीच युक्ती: पातळ मोजा, त्यावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी, वर लोकरी मोजा. ओले मोजे पोटाशी बनियनच्या आत वाळतात. झोपताना बुटांची तोंडं पूर्ण उघडून ठेवा. बंद गोठलेल्या बुटात सकाळी पाय जात नाही.

1967 च्या ईस्टरला नॉर्वेच्या डोंगरांत 18 माणसं दगावली. त्यानंतर डोंगरातल्या वागणुकीचे नऊ नियम तिथे घरोघरी पोचले. आठवा नियम सांगतो की वेळेत मागे फिरा, त्यात लाज नाही. हार्डांगरविड्डावर मागे फिरण्याची सोय बरी आहे. नॉर्वेच्या ट्रेकिंग संघटनेच्या झोपड्या वाटेवर आहेत, हेलेवासबू, लिटलोस, सांडहौग, क्रेक्या. आणि उत्तर भागात 7 क्रमांकाचा रस्ता आडवा येतो, तिथून बाहेर पडता येतं.

तेव्हा वाटाड्यासह जाणार असाल, तर काळ मार्च ते एप्रिलच्या मध्यापर्यंतचा धरा. दिवस मोठा, बर्फ बसलेला. पैसे भरण्याआधी नेणाऱ्यांना चार गोष्टी विचारा. एका वाटाड्यामागे किती जण? उपग्रह संदेशयंत्र कोणाकडे, आणि वाटाड्यालाच काही झालं तर ते वापरता येणारा दुसरा कोण? प्रत्येकाला फावडं आणि जोडीला वाऱ्यापासून आडोशाची पिशवी देता का? आणि वादळानं दोन दिवस अडकलो तर वाट कुठून तोडणार? शेवटच्या प्रश्नाला झोपडीचं किंवा रस्त्याचं नाव घेऊन उत्तर आलं पाहिजे. "आमचा प्रवास नेहमी पूर्ण होतो" असं ऐकू आलं, तर दुसरीकडे चौकशी करा.