दहा जणांत साडेपंधरा मिनिटं

मंडळी, पटकथेच्या आजच्या वर्गात २०२१ चा 'इटर्नल्स' हा मार्वलचा अतिमानवी शक्तीच्या नायकांचा सिनेमा घेतला, कारण तो करणाऱ्यांना सिनेमा कळत नव्हता असं कुणी म्हणणार नाही. दिग्दर्शिका क्लोई झाओ, त्याच वर्षी 'नोमॅडलँड'साठी दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालेली. पैशाची ददात नाही, छायाचित्रण देखणं. तरी बघून झाल्यावर दहा नायकांपैकी पाचांची नावं सांगा म्हटलं की माणूस अडखळतो.

आधी साधा भागाकार करू. लांबी १५६ मिनिटं, नायक दहा. प्रत्येकाच्या वाट्याला साडेपंधरा मिनिटं. त्यातून लढाया काढा, खलनायक काढा, आणि विश्वाची उत्पत्ती समजावून सांगणारे संवाद काढा. उरलेल्या वेळात माणसाचं नाव आणि त्याची शक्ती एवढंच सांगून होतं. हा उडतो, ती पळते, तो यंत्रं घडवतो. ही ओळख झाली, पात्र नव्हे.

पण गर्दीवर सगळं खापर फोडू नका. दहांपैकी एक असलेल्या इकॅरिसचंच बघा. त्यानं आपल्या म्होरक्या एजॅकचा घात केलाय, आणि हे आपल्याला फार उशिरा कळतं. रहस्य प्रेक्षकापासून लपवायचं ठरलं की नटाचा चेहराही बंद ठेवावा लागतो. मग तो दीड तास नुसता गंभीर दिसतो. ज्याच्या आत सगळ्यांत जास्त खळबळ आहे, तोच सगळ्यांत कोरडा वाटतो. हाच घात पहिल्या अर्ध्या तासात आपल्याला दाखवला असता आणि त्याचं जिच्यावर प्रेम आहे त्या सर्सीला कळू दिला नसता, तर त्या दोघांचं साधं बोलणंही अंगावर आलं असतं. नवा खर्च एक रुपयाचा नाही. प्रसंगांचा क्रम बदलायचा, बस.

दहांतल्याच स्प्राइटचं दुखणं वेगळं. सात हजार वर्षं पोरीच्या अंगात अडकलेली, मोठं व्हायचंय, इकॅरिसवर जीव आहे. सिनेमातलं सगळ्यांत सकस बियाणं हेच. पण तिचं प्रेम आपल्याला नीट कळतं ते किंगो हा दुसरा नायक तिला तोंडावर बोलून दाखवतो तेव्हा. पटकथेत एकाचं मन दुसरा समजावून सांगायला लागला, की त्या पानावर लाल खूण करा. तिथं प्रसंग लिहायचा राहून गेलेला असतो.

आणि लक्षात राहतो कोण? करुण! हरीश पटेलांनी केलेला किंगोचा नोकर. शक्ती शून्य. हातात कॅमेरा, मालकावर माहितीपट करायचाय, आणि जीव जाईल याची भीतीही आहे. हवं काय, भीती कशाची, हातात काय, तिन्ही प्रश्नांना उत्तर आहे.

याच सिनेमात गुप्तकाळातलं, इसवी सन ४०० चं, इकॅरिस आणि सर्सीचं लग्न आहे. त्यानंतर काही दशकांनी आपल्याकडं अजिंठ्याचं सोळावं लेणं झालं. तिथल्या चित्रकारानं बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याचा संन्यास कसा सांगितला? सेवक त्याचा मुकुट घेऊन आलाय आणि नंदाची बायको सुंदरी कोसळतेय. मोठ्या निर्णयाची किंमत दुसऱ्याच्या चेहऱ्यावर. एवढी एक चौकट इकॅरिसला मिळाली नाही.

उलट उदाहरण त्याच वर्षीचा मल्याळम 'मिन्नल मुरली', दिग्दर्शक बेसिल जोसेफ. लांबी जवळपास तेवढीच, पण वीज पडून शक्ती मिळते ती दोघांनाच. जेसन शिंपी, त्याला अमेरिकेला जायचंय. शिबू चहाच्या टपरीवरचा, त्याला उषा हवी. तो बँक लुटतो ते तिच्या मुलीच्या ऑपरेशनसाठी. म्हणून खलनायक असूनही आपण त्याच्या बाजूला सरकतो.

आता तुमचं काम. आपल्याकडचा पाणाड्या घ्या, विहिरी-बोअरसाठी पाण्याची जागा सांगणारा. गाव बीड जिल्ह्यातलं, महिना एप्रिल. त्याला जमिनीतलं पाणी खरोखर दिसतं. शक्ती एका ओळीत संपली. आता अडचण शोधा, आणि ती खडकातच आहे. आपला काळा बेसाल्ट पाणी साठवतो ते भेगांत आणि झिजलेल्या थरात, तेही थोडं. एकाच भेगेवर दोन बोअर पडले की खालचा वरच्याला आटवू शकतो. म्हणजे हा जिथं बोट ठेवील, तिथं शेजारच्या कुणाचं तरी पाणी आटणार. शक्ती वापरली की नुकसान, नाही वापरली तरी नुकसान. खलनायक आणायची घाई करू नका.

पात्रं चारच. पाणाड्या, त्याची बायको, बोअरच्या गाडीचा मालक, आणि ऊसतोडीचा एक मुकादम. बायकोनं मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटली नाही तर येत्या हंगामात दोघांना कोयता घेऊन कारखान्यावर जाणं भाग आहे. गाडीमालक प्रत्येक लागलेल्या बोअरमागं पैसे देतो. भेगेच्या दुसऱ्या टोकाला सासऱ्याची मोसंबीची बाग.

पहिल्या मसुद्यात शक्ती तीनदाच वापरा: एकदा लोभानं, एकदा दयेनं, आणि तिसऱ्यांदा बायको शेजारी उभी असताना. तिसऱ्या प्रसंगात त्यानं बोट कुठं ठेवलं ते लिहू नका. तिनं त्याच्याकडं कसं पाहिलं, तेवढंच पुढच्या रविवारी लिहून आणा.