खाज कसली ते आधी, तेल नंतर

"डॉक्टर, तेल कुठलं लावू?" सोलापुरात हा प्रश्न मला दिवाळीनंतर जास्त ऐकू येतो. हवा कोरडी, बोअरचं पाणी जड, त्यात कढत पाण्याची आंघोळ. पोटऱ्यांवर खवले धरतात आणि रात्र खाजवण्यात जाते. घरात इसब असलेलं लेकरू असेल तर विचारूच नका.

आपल्याकडे ज्वारीच्या रानाच्या कडेला काटेरी करडई पेरायची जुनी रीत आहे. तिचं तेल आपण भाजीत घालतो आणि अंगाला चोळायला मात्र ऑलिव्हची महागडी बाटली आणतो. हे उलटं झालं. कातडीच्या वरच्या थरात पेशींमधल्या फटी स्निग्ध द्रव्यांनी भरलेल्या असतात. त्यांतलं सेरामाइड हे द्रव्य घडायला लिनोलेइक आम्ल लागतं, जे तेलांमधून मिळतं. इसबात ही भरण विरळ होते, आतलं पाणी उडतं आणि साबणासारख्या गोष्टी आत शिरून आग करतात. जुन्या वाणांच्या करडईत लिनोलेइक ७० टक्क्यांच्या पुढे असतं. ऑलिव्हमध्ये ओलेइक हे दुसरं आम्ल जास्त, आणि ते हा थर विस्कटतं. मोहरीचं तेलही नाजूक कातडीला झोंबतं.

करडईइतकं लिनोलेइक नसलं तरी सूर्यफूल त्याच जातकुळीतलं. ढाक्यात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाचं तेल लावून पाहिलं, तेव्हा रुग्णालयात होणारा जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी घटला. २००५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. खोबरेलही चालतं, इसबावर वाढणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूंना ते आवर घालतं. करडईचं तेल मात्र लवकर खवट होतं, म्हणून घाण्यावरून थोडंच आणा आणि उन्हात ठेवू नका. खवट वास आला की टाकून द्या.

लावायचं कसं? कोमट पाण्याने आंघोळ, मग अंग टिपायचं. टॉवेल आपल्याच गावचा असला म्हणून खसाखसा घासायचा नाही! अंग ओलसर आहे तोवरच तेलाचा पातळ हात फिरवा. कोरड्या ठक्क कातडीवर नुसतं तेल ओतून फारसं काही होत नाही.

आता जिथे तेल नको ते. घामोळ्यांवर नको, घामाची छिद्रं आणखी बुजतात. डोक्यातल्या कोंड्यावर नको. तिथली मालासेझिया बुरशी तेलातल्या आम्लांवरच पोसते. गजकर्णाला बुरशीचं औषध लागतं. खरूज असेल तर घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावायचं, खाज एकट्यालाच असली तरी. मेडिकलमधून परस्पर आणलेली स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब गजकर्णावर चोळून रोग अंगभर पसरवलेले पेशंट मी रोज बघते, त्यापुढे तेल परवडलं.

टी ट्री तेल हल्ली मुली ऑनलाइन मागवतात. ते पातळ न करता लावू नये, जुनं झालं की ॲलर्जी करतं. कडुनिंबाचं तेल लहान मुलाच्या पोटात जाता कामा नये. त्याने झटके येऊन मुलं दगावल्याच्या नोंदी आहेत. बाटली वरच्या फळीवर ठेवा. आणि चट्टा ओला झाला, पिवळट पाणी सुटलं, ताप आला, तर त्या दिवशी तेल नाही. सरळ सिव्हिलच्या कातडीच्या ओपीडीत या.