अर्धं घर उचलताना

नमस्कार श्रोतेहो.

नवरा-बायकोचं वेगळं व्हायचं ठरलं की वकिलांचं बोलणं होतं, मुलांचं होतं, पैशांचं होतं. सामानाचा विषय मात्र कुणी काढत नाही. आणि मग एका सकाळी दारात गाडी येऊन उभी राहते.

थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ घटनांना ताणाचे गुण दिले होते. जोडीदाराचा मृत्यू १००, विभक्त होणं ६५, घर बदलणं २०. वीस म्हणजे किरकोळच वाटतात. पण इथे दोन्ही गोष्टी एकदमच अंगावर येतात. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, वाटणी आणि बांधाबांध एकाच दिवशी करू नका.

कपाट, पलंग यांचा निकाल लवकर लागतो. घोडं अडतं ते ड्रॉवरपाशी. दोघांच्या अक्षरातली एखादी जुनी यादी, जोडीनं घेतलेल्या दोन कपांपैकी उरलेला एक. तो कप हातात धरून माणूस उभाच राहतो, आणि खालून गाडीवाला हाका मारत असतो. अशा घाईत तोंडून जे जातं, ते पुढे वर्षानुवर्षं सलतं. म्हणून आठवडाभर आधी यादी करा. समोरासमोर जमत नसेल, तर दोघांच्याही विश्वासातलं कुणी मध्ये घ्या. फोटोंवरून तर भांडूच नका, त्यांच्या प्रती निघतात.

कागदपत्रांची पिशवी गाडीत न टाकता खांद्याला ठेवा. भाडेकरारावर दोघांची नावं असतील, तर नुसतं घर सोडल्यानं सहसा जबाबदारी सुटत नाही. घरमालकाशी बोलून ते लेखी करून घ्या.

घरात लहान मूल असेल, तर त्याचा खोका त्यालाच भरू द्या. नव्या घरात पाऊल टाकल्यावर आधी त्याचं अंथरूण घाला, आणि चादर जुनीच, न धुतलेली. ओळखीच्या वासावर मूल झोपतं.

आणि मागे राहतो त्याचं काय? त्याची विचारपूस फारशी होत नाही, कारण तो कुठे गेलेला नसतो. पण गाडी निघून गेल्यावर भिंतीवर कपाटाएवढा उजळ चौकोन दिसतो, फरशीवर पलंगाच्या चार पायांचे डाग. पहिली रात्र त्यालाही त्या घरात नवीच असते. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल, तर त्या संध्याकाळी फोनवर भागवू नका, स्वतः जा. उरलेलं सामान सरकवून लावायला दुसरा माणूस लागतोच.