सकाळ झाली तरी न संपणारा बॅकअप

नमस्कार. समोर फोटो स्टुडिओवाले आहेत, हिशेब लिहिणारे आहेत, छापखान्यातली मंडळी आहेत. धंदे वेगळे, पण तुमच्याकडे आलो की तक्रार एकच ऐकू येते : "रात्री नॅसवर बॅकअप लावून गेलो, सकाळी आलो तरी चालूच!" नॅस म्हणजे नेटवर्कला जोडलेली, डिस्क बसवलेली साठवणीची पेटी. त्या तक्रारीच्या पुढचं वाक्य मला जास्त घाबरवतं : "मग बंदच करून टाकला." बॅकअप हळू असण्यातला खरा धोका हाच आहे. माणूस कंटाळतो, बॅकअप बंद करतो, आणि पुढे कधी डिस्क गेली की हातात काही उरत नाही.

आधी एक हिशेब पक्का करू. नेटवर्कचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, फायली आपण मेगाबाइटमध्ये मोजतो, आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. गिगाबिट नेटवर्क म्हणजे सेकंदाला 125 मेगाबाइट. प्रत्यक्षात 110 मिळाले तरी उत्तम समजा. 100 मेगाबिटच्या नेटवर्कवर हाच आकडा 11 वर येतो. एक टेराबाइट डेटा पहिल्या वाटेने अडीच तासांत पोचतो, दुसऱ्या वाटेने पंचवीस तास लागतात. बॅकअप रात्रभर चालूनही संपत नसेल, तर पहिला संशय इथे घ्या.

एका स्टुडिओचं सांगतो. लग्नसराईचे दिवस, रोज शेकडो गिगाबाइट फोटो. बॅकअप संपेना म्हणून त्यांनी नवा राउटर घेतला, मग नॅसमधल्या डिस्क बदलल्या. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! मी गेलो आणि संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड, म्हणजे केबलच्या दोन्ही टोकांच्या यंत्रांनी आपसांत ठरवलेला वेग, बघितला. 1000 मेगाबिट हवा होता, 100 होता. केबल टेबलाच्या पायाखाली चेपली होती. इथरनेटच्या केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्या. गिगाबिटला चारही लागतात, 100 ला दोनच पुरतात. त्या दोन शाबूत असतील आणि बाकीच्यांतली एखादी तार तुटली, तर दोन्हीकडची यंत्रं बहुतेक वेळा आपसांत ठरवून 100 वर उतरतात. कुठलाही इशारा येत नाही. इंटरनेट तर पूर्वीसारखंच चालतं, कारण त्यांचं कनेक्शनच 50 मेगाबिटचं होतं. म्हणून कोणाला शंकाही आली नाही. वाटेत कुठे जुना 100 चा स्विच बसलेला असेल, तरी हेच होतं.

लिंक स्पीड ठीक निघाला, तर पुढची पायरी. पाच-दहा गिगाबाइटची एकच मोठी फाइल हाताने नॅसवर कॉपी करा आणि वेग लिहून ठेवा. मग तेवढ्याच आकाराचा, पण हजारो बारक्या फायलींचा फोल्डर कॉपी करा. मोठी फाइल सेकंदाला शंभर मेगाबाइटने धावते आणि फोल्डर पाच-सातवर रखडतो, असं दिसलं तर केबलला दोष देऊ नका.

सरकारी कचेरीतली बारनिशी आठवा. पाकिटात दोन ओळींचं पत्र असो की दोनशे पानांचा अहवाल, नोंद एक, शिक्का एक, पोच एक. नेटवर्कवरही प्रत्येक फाइलमागे असंच चालतं : नाव विचारा, जागा उघडा, लिहा, तारीख नोंदवा, बंद करा. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर परत येईपर्यंत थांबणं आलंच. दोन लाख फायली असतील तर वेळ वाहतुकीपेक्षा नोंदींतच जातो. उपाय दोन. एक, सगळं मोठ्या गठ्ठ्यांत बांधून पाठवणारा बॅकअप प्रोग्रॅम वापरा. दोन, कचेरीतल्यासारख्या खिडक्या वाढवा : विंडोजमध्येच असलेल्या रोबोकॉपी या कॉपी करणाऱ्या आज्ञेला एकाच वेळी अनेक फायली पाठवायला सांगता येतं, 128 धाग्यांपर्यंत, म्हणजे 128 खिडक्यांपर्यंत. मी 16 पासून सुरुवात करतो. आकडा उगाच वाढवला तर नॅसची डिस्कच धापा टाकते.

मॅकवाल्यांसाठी एक गोष्ट. टाइम मशीन, म्हणजे मॅकमधलाच बॅकअप प्रोग्रॅम, मुद्दाम दमाने चालतं. तुमच्या कामात अडथळा नको म्हणून प्रणालीच त्याला मागे ठेवते. पहिल्या पूर्ण बॅकअपला दोन दिवस लागले, तर लगेच बिघाड समजू नका. तेवढा वेळ लॅपटॉप केबलने जोडून ठेवा. वाय-फायवर पहिला बॅकअप करूच नये असं माझं ठाम मत आहे, कारण तिथली हवेतली वाट घरातल्या आणि शेजारच्या सगळ्या उपकरणांत वाटली जाते.

आणखी एक लक्षण : सुरुवातीला झकास वेग, मग तासाभराने एकदम बसतो. तेव्हा नॅसमधल्या डिस्कचा प्रकार बघा. एसएमआर डिस्कवर डेटाचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. मधलं कौल बदलायचं तर वरची उचलावी लागतात, तशी या डिस्कला जुन्या जागी लिहिताना शेजारचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात. आधी ती राखीव जागेत भराभर लिहून घेते. ती जागा भरली की रखडते. रोज लिहिल्या जाणाऱ्या नॅससाठी सीएमआर, म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढवलेली डिस्कच मागा. दुकानदार "सगळ्या सारख्याच" म्हणाला, तरी कंपनीच्या माहितीपत्रकात तपासून घ्या.

त्या स्टुडिओत केबल बदलली आणि बॅकअप मध्यरात्रीच्या आत संपू लागला. तरी मालकांना म्हटलं, जुन्या बॅकअपमधलं एक लग्न दुसऱ्या संगणकावर परत उतरवून बघू. अर्धेच फोटो आले. रोज सकाळी संगणक बंद करताना चालू बॅकअप मध्येच तुटत होता, आणि तो फोल्डर महिनाभर तसाच अर्धवट पडून होता. मूळ फोटो अजून संगणकावर होते, म्हणून त्याच संध्याकाळी तो पुन्हा पूर्ण चढवता आला.