व्हेरिएबलला विभक्ती लागते तेव्हा

स्टाइल, व्हेरिएबल, कंडिशनल टेक्स्ट, क्रॉस-रेफरन्स, कॉनरेफ हे शब्द माहितीपुस्तिका लिहिताना तुम्ही रोज वापरता. फ्रेममेकर आणि वर्ड हे लेखनाचे प्रोग्रॅम, डीटा ही पुस्तिकांचा मजकूर तुकड्यांत लिहिण्याची रचना; यांत नावं थोडी बदलतात, पण हेतू एकच असतो: मजकूर एकाच जागी ठेवायचा आणि हवा तिथे उमटवायचा. आज एकच उदाहरण धरून चालू. पाण्याच्या पंपाची माहितीपुस्तिका, मॉडेलं 2.

स्टाइलवर फार वेळ घेत नाही. शीर्षक हाताने ठळक करून 16 पॉइंटचं केलं, तर डोळ्यांना ते शीर्षक दिसतं, पण सॉफ्टवेअरच्या लेखी तो साधा परिच्छेदच असतो. म्हणून तो अनुक्रमणिकेत येत नाही. 'हेडिंग 1' ही स्टाइल लावा आणि रूप बदलायचं तर स्टाइलमध्ये बदला.

व्हेरिएबलपाशी मात्र थांबायला हवं, कारण मराठीत लिहिणाऱ्याची खरी अडचण इथे आहे. व्हेरिएबल म्हणजे नाव देऊन साठवलेला छोटा मजकूर. उत्पादनाचं नाव बदललं की एका जागी बदला, सगळीकडे बदलतं. इंग्रजीत हे सहज जमतं, कारण तिथलं नाम फारसं रूप बदलत नाही. आपल्याकडे प्रत्यय लागण्याआधी नामाचं सामान्यरूप होतं. व्हेरिएबलमध्ये 'पंप' ठेवून पुढे 'चा' जोडलात, तर छापून येईल 'पंपचा स्विच'. हवं होतं 'पंपाचा'. उद्या 'पंप'च्या जागी 'मोटर' आली, तर 'नवा मोटर सुरू झाला' असं वाक्य वाचकाच्या हाती जाईल. लिंग बदललं, विशेषण आणि क्रियापद मागेच राहिलं.

उपाय साधा आहे. व्हेरिएबलमध्ये फक्त मॉडेलचा क्रमांक ठेवा आणि विभक्तीचा भार शेजारच्या नामावर टाका: 'पी-200 या पंपाचा स्विच'. 'पी-200' बदलून 'पी-300' झालं तरी 'या पंपाचा' जागचं हलत नाही. वाक्य थोडं लांबतं, ते लांबू द्या.

कंडिशनल टेक्स्ट म्हणजे कंडिशन लावून ठरावीक मॉडेलच्या पुस्तिकेतच दाखवलेला मजकूर. त्यात चूक याहून गुपचूप होते. समजा, एका मॉडेलला 25 मिलिमीटरचा पाइप लागतो, दुसऱ्याला 32 चा. लेखक वाक्य एकच ठेवतो आणि फक्त मापांवर कंडिशन लावतो: 'पंपाला 25 मिमीचा / 32 मिमीचा पाइप जोडा'. दोन्ही मॉडेलांची पुस्तिका नीट निघते. मग तिसरं मॉडेल येतं. दोन्ही कंडिशन लपतात आणि उरतं 'पंपाला पाइप जोडा'. व्याकरण शुद्ध, त्यामुळे मुद्रितशोधकाच्या नजरेलाही ते खटकत नाही. माप मात्र गेलं. म्हणून कंडिशन नेहमी पूर्ण वाक्याला लावा. मजकूर पुनरुक्त झाला तर होऊ द्या. आणि नवं मॉडेल जोडलं की त्याची पुस्तिका वेगळी काढून पहिल्यापासून वाचा. सगळ्या कंडिशन एकदम दाखवून वाचणं पुरेसं नाही.

क्रॉस-रेफरन्सचं थोडक्यात. 'पान 14 पाहा' हे टंकलेलं असेल तर पानं सरकताच ते खोटं ठरतं. वर्डमध्ये क्रॉस-रेफरन्स, म्हणजे पान क्रमांक आपोआप दाखवणारा संदर्भ घाला, शेवटी सगळं निवडायला कंट्रोल-ए आणि अपडेट करायला एफ-9 दाबा. यात हेडर-फूटर येत नाहीत, ते वेगळे उघडून अपडेट करावे लागतात. मग 'एरर!' हा शब्द शोधा. ज्या शीर्षकाकडे रेफरन्स जात होता ते कुणी पुसलं असेल, तर तो शब्द बरोबर तिथेच सापडतो.

कॉनरेफ हा डीटामधला शब्द, म्हणजे दुसरीकडे लिहिलेला मजकूर पत्ता देऊन इथे आणणं. आयबीएममध्ये जन्मलेली डीटा ही एक्सएमएल (मजकुराला खुणा लावून लिहिण्याची पद्धत) रचना 2005 साली ओॲसिस या प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेचं प्रमाण झाली. 'पंप उघडण्याआधी मुख्य स्विच बंद करा' ही सूचना 20 टॉपिकांत, म्हणजे मजकुराच्या सुट्या तुकड्यांत हवी असेल, तर ती एका फाइलमध्ये लिहायची आणि बाकी ठिकाणी फाइलचं नाव, टॉपिकचा आयडी आणि त्या घटकाचा आयडी एवढा पत्ता द्यायचा. कुणी 'साफसफाई' म्हणून आयडी बदलला की पत्ता चुकतो. बऱ्याचदा पीडीएफ तरीही तयार होते. तक्रार फक्त लॉगमध्ये, म्हणजे पीडीएफ बनवतानाच्या नोंदींमध्ये असते आणि पानावर सूचनेची जागा रिकामी राहते. विजेच्या झटक्यापासून वाचवणारी ओळ अशी निसटू शकते. त्यामुळे धोक्याच्या सूचनांची फाइल एकाच माणसाच्या ताब्यात ठेवा, तिचे आयडी कधीही बदलू नका, आणि लॉगमधली प्रत्येक एरर मिटेपर्यंत पीडीएफ छपाईला पाठवू नका.