हक्काचे माणूस

श्रोतेहो, नमस्कार.

डिसेंबर १९८९ मध्ये रुमानियातील हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळली आणि तेथील सरकारी अनाथालयांची अवस्था जगापुढे आली. लोकसंख्या वाढवण्याच्या हट्टापायी १९६६ साली गर्भपातावर निर्बंध घालणाऱ्या या राजवटीत लाखाहून अधिक मुले संस्थांच्या हवाली झाली होती. ओळीने मांडलेल्या खाटांवर मुले तासन्‌तास एकटीच मागेपुढे झुलत असत, आणि अंगावर काटा यावा अशी गोष्ट म्हणजे तान्ह्या मुलांच्या त्या खोल्यांत रडण्याचा आवाज फारसा नसे. रडून कोणी येत नाही, हे त्यांना केव्हाच उमगले होते. सांभाळणाऱ्या बायका पाळीनुसार बदलत, त्यामुळे लळा लावावा असे एकही माणूस मुलाच्या वाट्याला येत नसे.

२००० साली चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या संशोधकांनी रुमानियाची राजधानी बुखारेस्टमधील संस्थांतली १३६ मुले निवडली आणि चिठ्ठ्या टाकून त्यांतील निम्मी मुले पालक कुटुंबांकडे, म्हणजे त्यांना आपल्या घरी ठेवून सांभाळणाऱ्या कुटुंबांकडे, सोपवली. साडेतीन वर्षांच्या वयात या कुटुंबांतील सुमारे निम्म्या मुलांना सांभाळणाऱ्या आईचा भक्कम आधार वाटू लागला होता. उरलेल्या गटात पाचांत एकाचीही तशी स्थिती नव्हती. दोन वर्षांची होण्याआधी घर मिळालेल्या मुलांत हा फरक अधिक ठळक दिसला. पुढे कुटुंबांकडे सोपवलेल्या मुलांतील चिंता आणि उदासी कमी झाली, मात्र चंचलपणा व लक्ष न लागणे यांत फारशी सुधारणा झाली नाही. म्हणजे नंतरच्या मायेने पुष्कळ भरून निघते, सगळे नाही. वर्षानुवर्षे एकाच घरी राहिलेली मुले घरे बदलावी लागलेल्या मुलांपेक्षा अधिक सावरली, हेही या अभ्यासात दिसले.

या अभ्यासाचा दाखला देऊन नोकरी करणाऱ्या आईला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. बुखारेस्टच्या त्या पालक आया मुलांच्या रक्ताच्या नात्यातल्या नव्हत्या. आजी असो, बाबा असो की पाळणाघरातली मावशी, मुलाने हाक मारल्यावर ओ देणारे माणूस रोज तेच असले, म्हणजे त्याला धीर येतो.

आपल्या २०१५ च्या बालन्याय कायद्यानेही संस्थेला शेवटचा पर्याय मानले आहे. तेव्हा बालगृहाची तपासणी करणाऱ्यांनी खाटा आणि ताटे मोजण्याआधी, या मुलाला सांभाळणारी ताई वर्षभरात किती वेळा बदलली, हे विचारावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.